पासपोर्ट ३ जूनपर्यंत आहे, मग डिसेंबरात बालीला अडवतील का?

रावपुरा_रोड
मंडळी, परवापासून घरात एकाच हिशोबावर वाद चालू आहे, म्हणून धागा काढतोय.

नोव्हेंबरअखेर आम्ही पाच जण निघतोय: मी, बायको, दोन मुलं आणि आई. २९ नोव्हेंबरला अहमदाबादहून क्वालालंपूर, ४ डिसेंबरला तिथून बाली, ९ डिसेंबरला बालीहून क्वालालंपूरला येऊन त्याच रात्री घरी परत. अहमदाबाद-क्वालालंपूर जाऊन-येऊन एक तिकीट, क्वालालंपूर-बाली जाऊन-येऊन दुसरं. एकत्र घ्यायला गेलो तर भाव ऐकूनच घाम फुटला.

आई एकाहत्तर वर्षांची. तिचा पासपोर्ट ३ जूनला संपतो. एजंटला विचारलं तर म्हणाला, "छ महिना तो छे ने भाई, चिंता शुं काम करो छो?" बायको म्हणते, सहा महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे ते आधी विचारा. आई म्हणते, मला नेऊच नका, मी घरी बसते. (हे ती प्रत्येक सहलीआधी म्हणते, तिकडे लक्ष देऊ नका.)

नेमकं काय मोजतात, कधीपासून मोजतात आणि अडवतं कोण?

मांजलपूरचा_मन्या
टेन्शन नको घेऊस. माझा मेव्हणा पाच महिने उरलेल्या पासपोर्टावर थायलंड करून आला. कोणी बघितलंसुद्धा नाही.

सेवउसळ
मन्या, थायलंडलाही सहा महिनेच मागतात. मेव्हण्याला कोणी विचारलं नाही, हा त्याच्या पत्रिकेचा भाग झाला.

तिकीटवाला_निवृत्त
आयुष्यभर काउंटरच्या पलीकडे उभा राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. अडवतो तो बहुतेक वेळा परदेशातला इमिग्रेशन अधिकारी नसतो, आपल्याच विमानतळावरचा चेक-इनचा माणूस असतो. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते आणि बरेच देश वर दंडही लावतात. म्हणून काउंटरवर आयाटाची (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची) टिमॅटिक नावाची यंत्रणा वापरतात. तुमचं नागरिकत्व, जायचा देश, मधला थांबा आणि पासपोर्टाची मुदत घातली की ती सांगते, नेता येईल की नाही. तिथे 'नाही' आलं तर समोरच्या मुलीच्या हातात काही उरत नाही. लोक तिच्यावर ओरडतात. तिने सोडायचं ठरवलं तरी तिला सोडता येत नाही.

आता तारखा. मलेशिया आणि इंडोनेशिया दोघांनाही त्यांच्या देशात उतराल त्या दिवसापासून पुढे सहा महिने हवे असतात. घरून निघाल त्या दिवसाशी त्यांना कर्तव्य नाही.

२९ नोव्हेंबरला क्वालालंपूर: सहा महिने म्हणजे २९ मे. आईंचा पासपोर्ट ३ जूनचा. पास.
४ डिसेंबरला बाली: सहा महिने म्हणजे ४ जून. पासपोर्ट ३ जूनला संपला. एका दिवसाने नापास.

तुमचा एजंट पहिल्या देशापुरता बरोबर आहे, आणि खरी अडचण तीच आहे. अहमदाबादचा काउंटर क्वालालंपूरपुरतंच बघेल, कारण त्याच्यासमोरच्या तिकिटावर तेवढंच आहे. पाचही बोर्डिंग पास हातात येतील. घोळ कळेल तो ४ डिसेंबरला क्वालालंपूरच्या विमानतळावर. तोवर बालीचं हॉटेल भरलेलं असेल आणि घरी यायचं तिकीट पाच दिवसांनंतरचं. आईंना एकटं कुठे ठेवणार?

अजून एक दार आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ९ तारखेला बालीहून आल्यावर, तिकिटं वेगळी असल्यामुळे, सामान थेट अहमदाबादपर्यंत लागेलच असं नाही. ते घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असेल तर इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं, म्हणजे मलेशियात दुसऱ्यांदा प्रवेश. त्या दिवशी ९ जूनपर्यंतचा पासपोर्ट लागेल. शिवाय क्वालालंपूरला दोन टर्मिनल आहेत आणि स्वस्त कंपन्या दुसऱ्यातून उडतात. तुमच्या दोन कंपन्या कुठून कुठे, तेही बघून ठेवा.

मांजलपूरचा_मन्या
काका, एक मिनिट. सहा महिने म्हणजे १८० दिवस. ४ डिसेंबरमध्ये १८० मिळवले की २ जून येतो. पासपोर्ट ३ जूनचा. आई पास झाल्या!

तिकीटवाला_निवृत्त
महिने सांगितले असतील तर महिनेच मोजतात. ४ डिसेंबर ते ४ जून १८२ दिवस होतात. मधे फेब्रुवारी असला तर १८१ ते १८३, नसला तर १८३-१८४. म्हणून दिवसांच्या मागे लागू नका. तारीख तीच ठेवा, महिना सहाने पुढे न्या, झालं.

आणि समजा तुमचा हिशोब कोणी मान्य केला. तो मान्य करून घ्यायला एकाहत्तर वर्षांच्या बाईंना परक्या विमानतळावर तासभर उभं करायचं का?

कमाटीबाग
रावपुरा, मुलांचे पासपोर्ट बघितले का? मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. सगळ्यांचे एकाच दिवशी काढलेले असतात, म्हणून सगळ्यांचे एकदमच संपणार असं डोक्यात बसतं. आमच्या सोसायटीत याच कारणाने एका कुटुंबाची दिवाळीची दुबई राहिली. आई-बापांचे पासपोर्ट टवटवीत, पोराचा मार्चला संपणारा.

मुलांचा पुन्हा काढायचा तर दोन्ही पालकांच्या सहीचं घोषणापत्र, म्हणजे अनुबंध ड, लागतं. नवरा बाहेरगावी नोकरीला असेल तर सही कुरियरने मागवण्यातच आठवडा जातो.

रावपुरा_रोड
ताई, तुमचं वाचून लगेच कपाट उघडलं. दोघांचेही पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत आहेत. हुश्श.

काका, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती बघितली माझ्याकडे.

अलकापुरी_स्टेशन
मला एक सोपं सूत्र माहीत आहे: जगात कुठेही जा, सहा महिने पाहिजेत. मग डोक्याला ताप नाही.

न्यूजर्सीचा_बडोदेकर
सूत्र सोपं आहे, पण त्याच्या नादी लागून लोक जायचं रद्द करतात. मागे इथे एका काकूंनी लेकीच्या बाळंतपणाला यायचं तिकीट पुढे ढकललं, का तर पासपोर्टला साडेचार महिनेच उरले होते. त्यांचा व्हिसा तयार होता. अमेरिकेचा सहा महिन्यांचा नियम आहे हे खरं, पण काही देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे आणि त्या यादीत भारत आहे. भारतीय पासपोर्ट मुक्कामापुरता वैध असला की पुरतो. फक्त पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्याच्या पुढे राहायची परवानगी बहुधा देत नाहीत, म्हणून शिक्का किंवा ऑनलाइन आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) मिळाल्यावर तारीख वाचा.

ब्रिटन, जपान इथेही मुक्कामभर वैध असला की झालं. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशोब आणखी वेगळा: तिथून बाहेर पडायच्या तारखेपासून पुढे तीन महिने. म्हणजे काही ठिकाणी उतरल्यापासून मोजतात, काही ठिकाणी निघाल्यापासून. न्यूझीलंडचेही तीन महिने निघाल्यानंतरचेच. दक्षिण आफ्रिकेला निघाल्यानंतर तीस दिवस चालतात, पण कोरी पानं दोन लागतात.

लेस्टरकर
शेंगेनचा विषय निघालाच आहे तर बडोद्यातल्या ज्यांचे काका-मामा इथे ब्रिटनमध्ये आहेत त्यांच्यासाठी. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना एक वेगळाच फटका बसतो. सप्टेंबर २०१८ आधी नवा पासपोर्ट काढला की जुन्यातले उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात जोडून द्यायचे. म्हणजे पासपोर्ट दहा वर्षं नऊ महिन्यांचाही असू शकतो. शेंगेनची दुसरी अट अशी की प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली नसावीत. ब्रेक्झिटनंतर ती अट इथल्यांना लागू झाली. माझी चुलतबहीण पोर्तुगालला निघाली होती, पासपोर्टवर संपायची तारीख चांगली लांबची, पण काढल्याला दहा वर्षं होऊन महिना झालेला. गेटवरून परत.

भारतीय पासपोर्टात हा घोळ नाही, कारण आपल्याकडे उरलेले महिने जोडतच नाहीत. नवा काढला की त्या दिवसापासून दहा वर्षं.

सेवउसळ
म्हणजे लवकर काढला तर उरलेले महिने बुडाले?

लेस्टरकर
बुडाले. दीड हजार रुपयांत दहा वर्षं मिळतात, त्यातले सात-आठ महिने गेले तर जाऊ दे रे.

सेवउसळ
बडोदेकराला असं सांगतात का कोणी.

विश्वामित्री_काठ
मुदतीवर एवढी चर्चा झाली, पासपोर्टाच्या तब्येतीवरही बोला कोणी.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्याकडे तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. मगरी रस्त्यावर आल्या म्हणून सगळ्या देशाने बडोद्याचे व्हिडिओ बघितले, आम्ही मात्र लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडून रडत होतो. पासपोर्ट दोन दिवस पंख्याखाली वाळवले. वाचता येत होतं सगळं: नाव, फोटो, नंबर. मुदतही भरपूर होती. पण पानं लाटांसारखी वाकडी, फोटोच्या पानाचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलेलं. घरातले म्हणाले, चालेल. मी म्हटलं, नको.

बरं केलं. नंतर कळलं की खराब पासपोर्टाच्या बाबतीत इंडोनेशिया फार कडक आहे, एखादं पान फाटलेलं असलं तरी परत पाठवतात. नवा काढताना 'डॅमेज्ड' हा पर्याय घ्यावा लागतो आणि फी दुप्पट, ३६ पानांच्या पुस्तिकेला ३००० रुपये. नाव, नंबर, फोटो शाबूत असतील तर काम बऱ्यापैकी सरळ होतं. ओळखूच येत नसेल तर तत्काळही मिळत नाही.

तेव्हा रावपुरा, आईंच्या पासपोर्टाबरोबर उरलेले चारही एकदा उजेडात धरून बघा. मुलांनी पेनाने काही काढलंय का तेही.

रावपुरा_रोड
पेनाने नाही, पण धाकटीने एका पानावर ताजमहालचा गोल शिक्का उमटवलाय, आग्र्याच्या दुकानातला. हे चालतं का?

तिकीटवाला_निवृत्त
आठवण म्हणून मारलेले शिक्के पासपोर्टात नसावेत. अधिकृत नोंदींखेरीज पुस्तिकेत काही केलं की ती खराब केल्यात जमा होते. माचू पिच्चूला पर्यटकांना असा शिक्का मारून देतात आणि मग लोक दुसऱ्या देशात अडकतात. एक शिक्का बघून कोणी सोडेल, कोणी नाही. आईंचा नवा काढायला पासपोर्ट सेवा केंद्रावर जावंच लागेल, तेव्हा धाकटीचाही दाखवा आणि विचारा. वेळ आहे तुमच्याकडे.

फतेगंज_कॅन्टीन
माझा प्रश्न थोडा बाजूचा. मी एमएसयूत (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात) शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी मास्टर्सला जर्मनी. पासपोर्ट अजून चौदा महिने आहे. आत्ताच बदलून घेऊ का?

न्यूजर्सीचा_बडोदेकर
संपायला एक वर्ष उरलं की रिइश्यूचा, म्हणजे जुन्याच्या जागी नवा काढायचा अर्ज करता येतो. म्हणजे दोन महिन्यांनी कर, पण व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी कर. व्हिसा एका नंबरवर आणि पासपोर्ट दुसरा, असं झालं की प्रत्येक कार्यालयात दोन-दोन पुस्तिका घेऊन हिंडावं लागतं. परदेशात असताना संपला तर आपल्या दूतावासातून नवा मिळतो, पण परीक्षेच्या दिवसांत तो उद्योग कशाला.

रावपुरा_रोड
ठरलं मंडळी, आईचा नवा काढतोय. आता प्रक्रियेचे प्रश्न. एक, साधा की तत्काळ? दोन, पासपोर्टवर पत्ता दांडिया बझारच्या जुन्या वाड्याचा आहे, तो वाडा आता नाही, आम्ही गोत्रीला राहतो. तीन, आईचा अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे, २०३० पर्यंतचा (ताईकडे जायला काढलेला). तो बुडेल का? एजंट म्हणतो, सगळं मी करून देतो, सात हजार द्या.

कमाटीबाग
सात हजार! ३६ पानी पासपोर्टाचे सरकारी १५०० आणि तत्काळ हवा असेल तर वर २०००. फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता, एक संध्याकाळ जाते. फक्त संकेतस्थळ खरं आहे ना ते बघा: पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. शोधायला गेलं की त्याच्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं वर येतात आणि पैसे घेऊन मोकळी होतात. फोनवर एमपासपोर्ट सेवा हे ॲप घेतलं तर तो प्रश्न येत नाही.

सप्टेंबर चालू आहे, साध्याने सहज होईल. नवरात्राच्या आत अपॉइंटमेंट घ्या एवढंच. एकदा गरबा सुरू झाला की या गावात कोणाचं कुठलं काम होतं? रात्री दोनला घरी आलेला माणूस सकाळी नऊला कागदपत्रं घेऊन उभा राहणार आहे थोडाच.

तिकीटवाला_निवृत्त
पत्ता आज जिथे राहता तोच घाला, पोलीस पडताळणी झाली तर त्याच पत्त्यावर होते. रिइश्यूला पडताळणी कधी आधी करतात, कधी पासपोर्ट दिल्यावर, कधी करतच नाहीत. ते कार्यालय ठरवतं, आपण धरून चालायचं की पोलीस येतील. आईंच्या आधारवर गोत्रीचा पत्ता आहे का ते आज बघा. नसेल तर आधी ते काम, नाहीतर केंद्राच्या पहिल्याच खिडकीवरून परत याल.

बडोद्यात जवळची तारीख मिळत नसेल तरी अडत नाही. आपलं केंद्र अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं, त्याच्या दुसऱ्या केंद्रावरही तारीख घेता येते. २०१८ पासून तर देशात कुठूनही अर्ज करता येतो. एकाहत्तराव्या वर्षी एक्सप्रेसवेने अहमदाबादची फेरी मात्र शक्यतो टाळा.

न्यूजर्सीचा_बडोदेकर
व्हिसा बुडत नाही. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत देतात. तो फेकायचा नाही, व्हिसाचं पान कापायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवायच्या, अमेरिकेत चालतं. केंद्रावर पुस्तिका हातातून देताना 'आत चालू व्हिसा आहे' एवढं सांगा, म्हणजे कापताना व्हिसाच्या पानाला धक्का लावत नाहीत.

पण हे सगळीकडे असंच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कागदावर नसतोच, पासपोर्ट नंबरला बांधलेला असतो. तिथे नवा नंबर कळवावा लागतो. ब्रिटनमध्येही आता ई-व्हिसा आहे, त्यांच्या खात्यात नवा पासपोर्ट जोडायला लागतो.

लेस्टरकर
+१. इथे शिकायला आलेली मुलं हे विसरतात आणि सुट्टीहून परत येताना मुंबईत काउंटरवर फोन करत बसतात.

मांजलपूरचा_मन्या
बरं, आमच्यासारख्या आळशी माणसांनी काय करायचं? पासपोर्ट नको, मुदत नको, असा एखादा परदेश?

सेवउसळ
नेपाळ. विमानाने गेलास तरी मतदार ओळखपत्र चालतं. आधार दाखवून भांडू नकोस, तुझ्या वयाला ते चालत नाही. मेव्हण्यालाही घेऊन जा.

अलकापुरी_स्टेशन
माझं सूत्र मी मागे घेत नाही. तिकीट काढताना सहा महिने बघा. कमी असेल तर मग त्या देशाचा नियम वाचा. हे तरी पटतं ना?

न्यूजर्सीचा_बडोदेकर
असं म्हटलं तर पटलं. फक्त मोजायला सुरुवात शेवटच्या देशात उतरायच्या दिवसापासून करा.

रावपुरा_रोड
अद्ययावत माहिती: बडोद्याच्याच केंद्रावर पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली, साध्या पद्धतीची. आईच्या आधारवर गोत्रीचाच पत्ता निघाला. फॉर्म बायकोने भरला, मी फक्त ओटीपी सांगितले. एजंटला कळवलं तेव्हा तो थोडा नाराज झाला. म्हणाला, बालीचा व्हिसा तुमच्या सगळ्यांचा आजच ऑनलाइन काढून टाकतो, काम हलकं होईल. काढू दे का?

तिकीटवाला_निवृत्त
आईंचा मुळीच नको! इंडोनेशियाचा ऑनलाइन व्हिसा पासपोर्ट नंबरवर निघतो. जुन्या नंबरवर काढला तर पाच लाख रुपिया पाण्यात (घाबरू नका, त्यांचा रुपिया आहे, आपले तीन हजारांच्या आसपास). नवी पुस्तिका हातात आल्यावर काढा, किंवा बालीला उतरून काउंटरवर घ्या, तिथेही मिळतो. बाकी चौघांचा आत्ता काढायला हरकत नाही. धाकटीच्या ताजमहालाचा निकाल मात्र आधी लागू दे.

दोन्ही तिकिटांवर आईंचा जुना पासपोर्ट नंबर घातला असेल तर तो विमान कंपन्यांच्या साइटवर बदलून घ्या. मलेशियाला व्हिसा नको, पण त्यांचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट असतं. एजंटने त्याचेही पैसे मागितले तर देऊ नका. आणि परतीला सामानासाठी बाहेर यावं लागणार असेल तर ९ डिसेंबरच्या प्रवेशासाठी ते पुन्हा, पाचही जणांचं.

रावपुरा_रोड
पुन्हा? मग ते बालीत बसूनच भरावं लागेल. ठीक, ते काम मोठ्याला लावतो.